मोटारवाहन चोरीप्रतिबंधक यंत्रणा

मोटारवाहन चोरीप्रतिबंधक यंत्रणा : मालकाच्या संमतीवाचून वाहनात शिरणे, त्याचे एंजिन सुरू करणे, ते हलविणे किंवा चोरलेल्या वाहनाची ओळख पुसून ते पुन्हा बाजारात आणणे, या गोष्टी अवघड व्हाव्यात म्हणून वाहनाच्या निर्मितीच्या वेळीच कारखान्यात त्यात अंतर्भूत केलेली यांत्रिक, विद्युत् व इलेक्ट्रॉनीय साधने. दारांची व प्रज्वलन स्विचाची कुलपे, सुकाणूचा अडसर, एंजिन-रोधक, धोकासूचक भोंगा, वाहनाच्या सांगाड्यावर कोरलेले क्रमांक आणि अलीकडील काळातील स्थाननिदर्शक उपकरण यांचा त्यांत समावेश होतो. वाहन विकत घेतल्यावर मालकाने स्वतः बसवून घेतलेली साखळी, गिअरचे कुलूप, गुप्त स्विच इ. साधने यांहून वेगळी असून त्यांचा उल्लेख येथे प्रसंगोपात्त केला आहे.

चोरीच्या इतर वस्तू चोराला वाहून न्याव्या लागतात. वाहन मात्र चोरालाच घेऊन जाते. त्यामुळे वाहनाच्या बाबतीत संरक्षणाचा प्रश्न तिजोरीच्या प्रश्नाहून निराळा ठरतो. रस्त्यावर उभे असलेले वाहन कोणालाही हात लावता येईल अशा ठिकाणी असते, त्याचा रखवालदार बहुधा नसतो, आणि ते हलले तरी पाहणाऱ्याला त्यात वावगे काही दिसत नाही. कोणतीही यंत्रणा चोरी सर्वस्वी अशक्य करू शकत नाही. चोराला लागणारा वेळ, त्याला वापरावी लागणारी साधने आणि त्याच्या कृतीमुळे होणारा गाजावाजा ही तिन्ही वाढविणे एवढेच यंत्रणेचे काम असते. पाच सेकंदांचे काम पाच मिनिटांचे झाले, तर रस्त्यावरच्या चोराच्या दृष्टीने ते बहुधा न करण्याजोगे होते.

भिवंडीसारख्या शहरात या विषयाचे व्यावहारिक महत्त्व लगेच ध्यानात येते. ठाणे जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे शहर मुंबई–नाशिक महामार्गालगत वसलेले आहे. मुंबईत येणाऱ्या मालावर जकात होती, त्या काळात हद्दीबाहेर माल साठविणे सोयीचे पडत असल्याने काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, मानकोली इ. गावांच्या परिसरात गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली, तरी गोदामे राहिली व वाढली. परिणामी येथे तीन अगदी भिन्न प्रकारची वाहने एकाच रस्त्यावर आढळतात : कारागीर व हमाल यांच्या जुन्या दुचाकी, सूत-कापडाच्या गाठी व किरकोळ माल वाहणारे छोटे टेम्पो आणि न्हावा-शेवा बंदराकडून व परराज्यांतून येणारे मोठे मालट्रक. कारखान्याने दिलेले संरक्षण या तिन्ही प्रकारांत सारखे नाही. ज्या वाहनावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून असते, त्याच वाहनाला बहुधा सर्वांत कमी संरक्षण असते, ही या विषयातील सर्वांत लक्षणीय विसंगती होय.

ऐतिहासिक आढावा : आरंभीच्या मोटारगाड्या हाताने दांडा फिरवून सुरू कराव्या लागत. ते काम कष्टाचे व कसबाचे असल्यामुळे तोच एक प्रकारचा अडसर होता. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विद्युत् प्रारंभक आला आणि गाडी सुरू करणे सोपे झाले. अर्थात ते चोरालाही सोपे झाले. प्रज्वलन मंडलात किल्लीचा स्विच घालण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. किल्ली फिरविल्याबरोबर प्रारंभकही चालू होईल अशी जोडणी अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९४९ साली प्रचारात आणली. तथापि किल्लीचे कुलूप हे मुळात एक साधा स्विचच होता. त्याच्या मागील तारा एकमेकींना जोडल्या की कुलपाचे काम संपत असे. मराठी गॅरेजांतून यालाच ‘गाडी डायरेक्ट करणे’ म्हणतात व रस्त्यात किल्ली हरविलेल्या कित्येक सज्जनांनीही या विद्येचा लाभ घेतलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरल्यास त्यांना गाड्या वापरता येऊ नयेत म्हणून ब्रिटनमध्ये सोडून जाताना गाडी निकामी करून ठेवण्याची सक्ती करण्यात आली. यासाठी पुष्कळजण प्रज्वलन वितरकातील फिरता हात काढून खिशात घालीत. गाडीचा एक लहानसा पण अपरिहार्य घटक मालकाच्या खिशात ठेवावयाचा, ही कल्पना पुढे निराळ्या रूपाने एंजिन-रोधकात अवतरली.

सुकाणूचा अडसर हा यांत्रिक साधनांतील सर्वांत यशस्वी होय. किल्ली काढून घेतल्यावर स्प्रिंगच्या दाबाने एक पोलादी खिट्टी सुकाणूच्या दांड्यातील खाचेत शिरते व चाके वळेनाशी होतात. तारा जोडून एंजिन सुरू केले, तरी गाडी सरळ रेषेतच जाऊ शकते. पश्चिम जर्मनीत १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा अडसर नव्या व जुन्या अशा सर्वच मोटारींना सक्तीचा करण्यात आला आणि तेथील मोटारचोऱ्या मोठ्या प्रमाणात घटल्या. ब्रिटनमध्ये मात्र १९७१ पासून तो केवळ नव्या गाड्यांना लागू झाला. तेथे नव्या गाड्यांची चोरी कमी झाली, पण चोरांनी आपला मोर्चा जुन्या गाड्यांकडे वळविला व एकूण संख्येत म्हणावी तशी घट झाली नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून अशा प्रकारच्या संरक्षणाची अट घालण्यात आली. जर्मनी व ब्रिटन यांच्या अनुभवांतील हा फरक गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे वारंवार उद्धृत केला आहे. संरक्षण नव्या वाहनांनाच मिळाले, की जोखीम जुन्या वाहनांच्या मालकांकडे सरकते. भारतातील आजची स्थिती समजून घेण्यास हा धागा उपयोगी पडतो.

विद्युत् ओळखीचा पहिला मोठा प्रयोग जनरल मोटर्स कंपनीने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीत केला. किल्लीच्या पात्यात एक लहान विद्युत् रोधक बसविलेला असे. किल्ली कुलपात घातली, की गाडीतील मंडल त्याचा रोध मोजत असे व तो ठराविक मूल्याचा नसेल, तर एंजिन काही काळ सुरूच होऊ देत नसे. रोधाची केवळ १५ मूल्ये वापरात होती. त्यामुळे ही युक्ती फार काळ गुप्त राहणे शक्य नव्हते, परंतु किल्लीच्या दात्यांपलीकडे आणखी काही तपासावे हे तत्त्व तिने रूढ केले.

एंजिन-रोधक : व्यवहारात ‘इमोबिलायझर’ म्हणून ओळखला जाणारा हा घटक आजच्या कारखानी संरक्षणाचा कणा आहे. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत असतो. त्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक चकती वा काचेची नळी असून तिच्यात तारेचे वेटोळे व एक अर्धसंवाहक चिप असते. हिला स्वतःची विद्युत् घटमाला नसते. दुसरा भाग म्हणजे किल्लीच्या कुलपाभोवती बसविलेले वेटोळे. तिसरा भाग म्हणजे नियंत्रक. हा स्वतंत्र पेटीत असतो किंवा एंजिनाच्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकातच समाविष्ट असतो.

किल्ली फिरविताच कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून सु. १२५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह जातो. त्यामुळे निर्माण होणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने किल्लीतील वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो व तेवढ्याच ऊर्जेवर चिप जागी होते. रोहित्रातील दोन वेटोळ्यांमध्ये ऊर्जा जशी तारेवाचून जाते, तसाच हा प्रकार आहे [⟶ विद्युत् प्रवर्तन]. क्षेत्राची पोच काही सेंटिमीटरच असल्याने किल्ली कुलपात असल्याखेरीज हा संवाद होत नाही.

सुरुवातीच्या प्रकारांत चिप आपला एक कायम क्रमांक उच्चारीत असे व नियंत्रक तो आपल्या यादीशी ताडून पाहत असे. असा क्रमांक एकदा ऐकून घेतला, की त्याची नक्कल करता येते. म्हणून पुढे आव्हान व प्रतिसाद ही पद्धत आली. नियंत्रक प्रत्येक वेळी एक नवी यादृच्छिक संख्या किल्लीकडे पाठवितो. किल्ली व नियंत्रक या दोघांपाशी एकच गुप्त संख्या साठविलेली असते, परंतु ती कधीही हवेतून पाठविली जात नाही. किल्ली आलेली संख्या व गुप्त संख्या यांवर ठरलेली गणिती प्रक्रिया करून उत्तर कळविते. नियंत्रकानेही तेच गणित केलेले असते. दोन्ही उत्तरे जुळली तरच एंजिनाला इंधन अंतःक्षेपण व प्रज्वलन यांची मुभा मिळते. ती न मिळाल्यास प्रारंभक फिरला तरी एंजिन पेट घेत नाही किंवा क्षणभर चालून बंद पडते. हा सर्व व्यवहार एका सेकंदाच्याही आत उरकत असल्यामुळे चालकाला त्याची जाणीव होत नाही. फलकावरचा किल्लीच्या चित्राचा दिवा विझतो, एवढेच त्याला दिसते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. रोधक तार तोडून एंजिन बंद ठेवीत नाही. तो एंजिन चालविणाऱ्या संगणकाला काम करण्याची अनुज्ञा देत नाही. म्हणून कुलपामागच्या तारा जोडून काहीच साधत नाही. ज्या एंजिनाला चालण्यासाठी संगणकाची गरजच नाही, त्याला मात्र असा रोधक लावता येत नाही. जुन्या डीझेल ट्रकांचे व टेम्पोंचे उदाहरण यासाठी बोलके आहे. त्यांतील इंधन पंप पूर्णतः यांत्रिक असे. डीझेल एंजिनात ठिणगी लागत नाही, त्यामुळे एकदा फिरू लागलेले एंजिन विजेवाचून चालत राहते. ते बंद करण्यासाठी पंपावरील विद्युत् झडप किंवा त्याहूनही जुन्या गाड्यांत चालकाने ओढावयाची तार असे. अशा गाडीत किल्ली ही जवळजवळ शोभेची वस्तू होती. उताराला लावलेला ट्रक ढकलून गिअरमध्ये टाकून सुरू करता येतो, हे महामार्गावरच्या प्रत्येक क्लीनरला ठाऊक असते. भारतात मोटारवाहनांच्या उत्सर्जनाची मानके कडक होत गेली, तसे डीझेल एंजिनात इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण आले. भारत स्टेज-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज-६ मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. धूर कमी करण्यासाठी आलेल्या या बदलाने व्यापारी वाहनांत एंजिन-रोधक बसविण्याचा तांत्रिक मार्ग मोकळा केला, हे त्याचे अनपेक्षित उपफल म्हणावे लागेल.

युरोपीय संघाने १९९५ च्या निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना एंजिन-रोधक सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियात तो १ जुलै २००१ पासून व कॅनडात १ सप्टेंबर २००७ पासून आवश्यक झाला. नेदर्लंड्समधील आकडेवारीच्या अभ्यासातून या सक्तीमुळे मोटारचोरीची शक्यता खूपच घटल्याचे दिसून आले, आणि चोरीचा रोख संरक्षण नसलेल्या गाड्यांकडे वळणे हिशेबात धरूनही हा लाभ मोठा होता. उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे अशी सक्ती नसल्याने दोन कोरियन कंपन्यांनी २०११ ते २०२१ या काळात विकलेल्या अनेक गाड्यांत रोधक नव्हता. ही गोष्ट २०२१ नंतर समाजमाध्यमांतून पसरली व तरुणांच्या टोळ्यांनी त्या गाड्या मोठ्या संख्येने पळविल्या. काही डॉलरांचा घटक वाचविण्याची किंमत कंपन्या, विमाकार व मालक या सर्वांना मोजावी लागली.

भारतात अँबॅसडर व प्रिमियर पद्मिनी या गाड्यांच्या काळी कारखान्याकडून मिळणारे संरक्षण कुलपापुरतेच होते. सावध मालक गुप्त स्विच किंवा क्लच व सुकाणू यांना जखडणारा दांडा वापरीत. मारुती कंपनीने २००० नंतरच्या दशकात ‘आयकॅट्स’ या नावाने किल्लीतील चिपेवर आधारित यंत्रणा आपल्या छोट्या गाड्यांत आणली आणि ही कल्पना मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचली. वाहनविषयक मानके तयार करणे व त्यांनुसार चाचणी घेणे ही कामे करणारी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही संस्था चोरीप्रतिबंधक साधनांनाही मान्यता देते. २००२ च्या भारतीय मोटार विमा दरपत्रकात अशी मान्यताप्राप्त साधने बसविलेल्या वाहनांसाठी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट ठेवलेली होती.

धोकासूचक भोंगा व मध्यवर्ती कुलपे : दार, डिकी किंवा बॉनेट जबरदस्तीने उघडल्यास, काच फुटल्यास अथवा गाडी कलती केल्यास भोंगा वाजून दिवे उघडझाप करतात. यांसाठी साधे स्विच, कंपनसंवेदक व स्वनातीत तरंगांनी गाडीच्या आतील हालचाल टिपणारे संवेदक वापरतात. भोंग्याची उपयुक्तता मात्र मर्यादित आहे. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या धक्क्याने किंवा फटाक्याने वारंवार वाजणाऱ्या भोंग्याकडे लोक लवकरच दुर्लक्ष करू लागतात. रात्रंदिवस माग चालू असलेल्या वस्तीत तर तो ऐकू येईलच असेही नाही.

दूरनियंत्रकाने उघडणाऱ्या कुलपांत प्रत्येक वेळी बदलणारा संकेत वापरतात. एकदा वापरलेला संकेत गाडी पुन्हा स्वीकारीत नाही. दार उघडणे व एंजिन सुरू होणे या दोन गोष्टींची ओळख पटविण्याची व्यवस्था स्वतंत्र असते, हे अनेक मालकांना माहीत नसते. दूरनियंत्रकाची घटमाला संपली, तरी चिपेला घटमाला लागत नसल्याने एंजिन सुरू करता येते.

उणिवा : चिपांच्या पहिल्या पिढीतील गूढसंकेत आज दुर्बळ ठरले आहेत. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एका बहुप्रचलित चिपेची गुप्त संख्या ४० द्विमान अंकांची, म्हणजे सु. १.१ लाख कोटी शक्यतांची होती. ती तयार झाली तेव्हा हा आकडा अफाट वाटे; २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी तो फोडून दाखविला. ४८ द्विमान अंकांच्या हिटॅग-२ या चिपेची तीच गत २०१२ मध्ये झाली. मेगामॉस नावाच्या तिसऱ्या चिपेवरील संशोधन प्रसिद्ध करण्यास ब्रिटनमधील न्यायालयाने २०१३ साली मनाई केली होती. ते अखेर २०१५ साली प्रसिद्ध झाले. दोष उघड करावा की झाकून ठेवावा, याविषयी तेव्हा मोठा वाद झाला. रस्त्यावरील वाहनाचे आयुष्य १५–२० वर्षांचे असते व किल्लीतील चिप मधल्या काळात कोणी बदलत नाही. म्हणून दोष लपवून ठेवल्याने मालकाचे संरक्षण होते, हे म्हणणे पटण्यासारखे नाही.

किल्ली खिशात असतानाच दार उघडणाऱ्या व बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांनी नवा प्रश्न उभा केला. या गाड्यांत किल्ली जवळ आहे की नाही, हे तिच्याकडून येणाऱ्या संकेतावरून ठरते. घरात ठेवलेल्या किल्लीचा संकेत दोन उपकरणांच्या साहाय्याने दारात उभ्या असलेल्या गाडीपर्यंत पोहोचविला, तर गाडीची फसगत होते. येथे गूढसंकेत फोडावा लागतच नाही. केवळ निरोप लांबवर पोहोचविला जातो. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर याचे प्रात्यक्षिक केले. यावरील उपाय म्हणजे संकेताला लागणारा वेळ मोजणे. रेडिओ तरंग एका नॅनोसेकंदात सु. ३० सेंमी. अंतर कापतात. अतिविस्तृत पट्ट्याच्या रेडिओ स्पंदांनी हा वेळ पुरेशा अचूकपणे मोजता येतो व किल्ली खरोखरच हाताच्या अंतरावर आहे का, हे कळते. महाग गाड्यांत हे तंत्र आले आहे. तोपर्यंत किल्ली धातूच्या डब्यात ठेवणे हा घरगुती उपाय शास्त्रशुद्धच आहे.

अलीकडे गाडीतील संगणकांना जोडणाऱ्या सामाईक तारांच्या जाळ्यात बाहेरून खोटे संदेश घुसविण्याचे प्रकार उघडकीस आले. २०२३ साली लंडनमधील एका चोरीच्या तपासातून पुढील दिव्याच्या जोडणीमार्गे हे केले गेल्याचे दिसले. दिव्याकडे जाणाऱ्या तारेवरही संगणक विश्वास ठेवतो, ही त्या रचनेतील उणीव होती. दुरुस्तीसाठी ठेवलेल्या निदान-जोडणीचा वापर करून नवी किल्ली नोंदविण्याचाही प्रयत्न होतो. परंतु ती जोडणी पूर्ण बंद केल्यास हरविलेल्या किल्लीच्या जागी नवी किल्ली गल्लीतल्या कारागिराकडून करून घेता येत नाही व मालकाला कंपनीच्या दरांवर अवलंबून राहावे लागते. छोट्या शहरांत ही अडचण लहान नाही.

संपूर्ण वाहनाऐवजी त्याचा भाग चोरण्याविरुद्ध या यंत्रणा बहुतांशी निरुपयोगी आहेत. २०२० नंतर गुजरात व महाराष्ट्र यांत छोट्या व्हॅन गाड्यांचे सायलेन्सर चोरीस जाण्याचे अनेक प्रकार नोंदले गेले. त्यांतील उत्प्रेरकी परिवर्तकात प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. गाडी जागची हलत नाही व भोंगाही वाजत नाही. सकाळी किल्ली फिरविल्यावर होणाऱ्या आवाजानेच मालकाला चोरी कळते.

दुचाकी वाहने : भारतात चोरीस जाणाऱ्या वाहनांत सर्वाधिक संख्या दुचाकींची असते. हँडलचे कुलूप हे त्यांचे मुख्य कारखानी संरक्षण होय. त्यातील लहानशी खिट्टी झटक्याच्या बळापुढे टिकत नाही. गाडी वजनाला हलकी असल्याने ती उचलून टेम्पोत टाकणेही शक्य असते. जुन्या पद्धतीच्या काही प्रज्वलन मंडलांत किल्लीचा स्विच मंडल तोडण्याऐवजी त्याला भूसंपर्क देऊन एंजिन बंद करतो. अशा गाडीत कुलूप आणि एंजिन यांचा संबंध नाममात्रच असतो. किल्लीचे भोक चुंबकी झडपेने झाकण्याची सोय अनेक स्कूटरांत असते. त्यामुळे बनावट किल्ली किंवा पाते घालणे अवघड होते. भारत स्टेज-६ मानकानंतर बहुतेक दुचाकींत इंधन अंतःक्षेपण व इलेक्ट्रॉनीय नियंत्रक आला. एंजिन-रोधकाला लागणारी सामग्री त्यामुळे गाडीत आयतीच उपलब्ध आहे. तरीही स्वस्त गाड्यांत तो सर्रास दिला जात नाही. किंमत काही शे रुपयांनीही वाढू नये अशी स्पर्धा असल्याचे कारण यासाठी दिले जाते. मोटारींच्या बाबतीत हेच कारण एकेकाळी पुढे केले जात असे.

ओळखचिन्हे : चोरलेले वाहन विकता येऊ नये, हाही संरक्षणाचाच भाग आहे. केंद्रीय मोटारवाहन नियमांतील नियम १२२ नुसार सांगाड्याचा व एंजिनाचा क्रमांक आणि निर्मितीचा काळ वाहनावर उठविणे बंधनकारक आहे. सांगाड्याचा क्रमांक १७ अक्षरांकांचा असतो. त्यात रोमन लिपीतील आय, ओ व क्यू ही अक्षरे एक व शून्य या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून वापरीत नाहीत. पहिल्या तीन अक्षरांवरून देश व निर्माता कळतो. भारतीय गाड्यांचा आरंभ बहुधा ‘एमए’ वा ‘एमबी’ ने होतो, उदा., टाटा मोटर्ससाठी ‘एमएटी’.

हे क्रमांक कानशीने घासून त्यांवर दुसरे ठोकण्याचे प्रकार जुने आहेत. परंतु ठसा मारताना अक्षराखालील धातूच्या स्फटिकांची रचना खोलवर दबून बदललेली असते. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करून त्यावर क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक अम्ल यांचा विद्राव लावल्यास दबलेला व न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि पुसलेला क्रमांक काही काळ दिसू लागतो. तो दिसेनासा होण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे लागते. न्यायसाहाय्यक प्रयोगशाळांतील ही एक नित्याची परीक्षा आहे.

क्रमांकाच्या पाटीच्या अदलाबदलीला आळा घालण्यासाठी १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणीपाटी कारखान्याकडूनच मिळते. तिच्यावर अशोकचक्राचे क्रोमियमयुक्त होलोग्रॅम व लेसरने कोरलेला क्रमांक असून ती एकदाच बसणाऱ्या, काढताना तुटणाऱ्या खिळ्यांनी जोडतात. महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती बसविण्याचा आदेश डिसेंबर २०२४ मध्ये निघाला व त्याची मुदत पुढे अनेकदा वाढवावी लागली. एमएच-०४ मालिकेतील जुन्या दुचाकींच्या मालकांना या पाटीचा खर्च जाचक वाटला. पाटी चोरी थांबवीत नाही, चोरीनंतरचा वापर अवघड करते, हा भेद त्यांना कोणी समजावून सांगितला असेल असे वाटत नाही. वाहनाच्या विविध भागांवर सूक्ष्मबिंदू फवारून ओळख कायम करण्याच्या पद्धतीसंबंधी केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला होता. सुट्या भागांच्या व्यापारावर अंकुश ठेवण्याच्या दृष्टीने तो विचार योग्य दिशेचा होता. वाहने मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांनी आलेले वाहन चोरीचे नाही याची खातरजमा करावी, असे २०२१ च्या नियमांत सांगितले आहे. नोंदणी नसलेल्या भंगार दुकानांना हा नियम अर्थातच शिवत नाही.

मालवाहू वाहने : मोठ्या ट्रकच्या बाबतीत चोराचे लक्ष पुष्कळदा गाडीपेक्षा मालावर असते. गोदामाबाहेर रांगेत रात्र काढणाऱ्या ट्रकमधून कापडाच्या गाठी वा पेट्या उतरवून घेतल्या जातात, किंवा संपूर्ण गाडी दूर नेऊन माल काढल्यावर सोडून दिली जाते. म्हणून येथे स्थाननिदर्शक उपकरणाला महत्त्व आले. उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीचे स्थान काढून ते भ्रमणध्वनीच्या जाळ्यामार्फत मालकाला कळविले जाते. ठरावीक क्षेत्राबाहेर गाडी गेल्यास इशारा देणे, तसेच थांबलेले एंजिन पुन्हा सुरू होऊ न देणे हेही करता येते. चालत्या गाडीचे एंजिन दुरून बंद करणे मात्र धोक्याचे आहे. सार्वजनिक प्रवासी वाहनांत अशी उपकरणे बसविण्याची तरतूद केंद्रीय नियमांत असून ती नव्या वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. मालवाहतूकदार व अर्थपुरवठा करणाऱ्या संस्था ती स्वेच्छेने बसवितात. संकेत-अडथळा निर्माण करणारे छोटे यंत्र किंवा पत्र्याचा कंटेनर यांमुळे उपकरण मुके होते, ही त्याची मर्यादा होय. फेब्रुवारी २०२१ पासून पथकरासाठी सक्तीचा झालेला फास्टॅग चोरीप्रतिबंधक म्हणून योजलेला नाही. तथापि पडघा येथील नाक्यासारख्या ठिकाणी उमटलेली त्याची नोंद गाडी कोणत्या दिशेने व केव्हा गेली, हे सांगू शकते.

विधी व विमा : भारतीय दंड संहितेतील कलम ३७९ नुसार वाहनचोरीला इतर चोरीप्रमाणेच तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये माल वा प्रवासी वाहून नेण्याच्या साधनाची, तसेच अशा साधनातील मालाची चोरी स्वतंत्रपणे निर्दिष्ट केली असून तिला सात वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. संघटित गुन्हेगारीविषयीच्या कलम १११ मध्येही वाहनचोरीचा नामनिर्देश आहे.

वाहन परत मिळाले नाही, तर पोलीस तपासानंतर ‘ए समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण उकल न झालेला, असा अहवाल न्यायालयात सादर करतात. विमा कंपन्या दावा मंजूर करण्यापूर्वी हा कागद व वाहनाच्या सर्व मूळ किल्ल्या मागतात. एक किल्ली कमी असल्यास ती गाडीतच राहिली होती, असा संशय घेतला जातो. म्हणून कारखान्याकडून मिळालेली दुसरी किल्ली जपून ठेवणे आवश्यक असते. चोरीची फिर्याद वेळेवर दिलेली असल्यास विमा कंपनीला कळविण्यास झालेला विलंब एवढ्याच कारणाने दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. परंतु हे सर्व सर्वंकष विमा असेल तरच लागू पडते. कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा चोरीची भरपाई देत नाही. दहा-बारा वर्षांच्या टेम्पोचा मालक खर्च वाचविण्यासाठी बहुधा तेवढाच विमा उतरवितो. त्याच्या गाडीत एंजिन-रोधक नसतो आणि ती गोदामाच्या आवारात न राहता रस्त्याच्या कडेला उभी राहते. ती गेल्यास गाडीबरोबर रोजचे भाडेही जाते, आणि कर्ज बाकी असल्यास गाडी गेल्यानंतरही हप्ते चालू राहतात. अशा वाहनासाठी घटमालेचा मुख्य विच्छेदक स्विच, गिअरचे कुलूप आणि इंधनमार्गावरील गुप्त झडप ही नंतर बसविण्याची साधी साधने आजही कारखानी यंत्रणेची जागा काही अंशी भरून काढतात. यांपैकी एकापेक्षा अधिक साधने एकत्र वापरल्यास चोराला लागणारा वेळ लक्षणीय प्रमाणात वाढतो.